बागेतली लढाई: खेळण्यातले शिपाई गवतावर उतरवताना

बागेत लढाई मांडायची असेल तर आधी टेबल डोक्यातून काढून टाका. घरात टेबलावर खेळणारी मंडळी बाहेर आली की जमीन सारखी करायला लागतात, वर कापड अंथरतात, थर्मोकोलच्या टेकड्या आणून ठेवतात. कशाला? चढ आहे, झुडूप आहे, पायवाट आहे, उलटी पडलेली कुंडी आहे. जमीन आहे तशी घ्यायची आणि नियम तिच्या बेताने ठरवायचे. मी आणि माझा भाचा असंच खेळतो. तो आता माझ्याहून बरा सेनापती झालाय, हे त्याला सांगत नाही एवढंच.

शिपाई मोठे घ्या. मोठे म्हणजे ५४ मिलिमीटरचे, दोन इंचांहून जरासे उंच. इंचभर उंचीचे शिपाई टेबलावर छान दिसतात, गवतात मात्र शोधत बसावं लागतं. इंचभर वाढलेलं गवत ५४ मिलिमीटरच्या शिपायाच्या कमरेला लागतं, म्हणजे तो दिसतोही आणि गवतात शिरलाय असंही वाटतं. त्याहून उंच गवत आदल्या दिवशी कापून घ्या. त्याच दिवशी सकाळी कापलंत तर कापलेल्या काड्या सगळ्यांच्या पायात येतात.

रंगाचं म्हणाल, तर खाकी आणि हिरवे शिपाई घरीच बरे. फ्रेंच पायदळ १९१४ मध्ये निळे कोट आणि लाल विजारी घालून लढाईला गेलं आणि त्याची किंमत त्यांनी मोजली; बागेत मात्र लाल विजारीसारखं दुसरं काही नाही. हिरवे शिपाई असतीलच तर निदान पायाखालच्या बैठकीची कड भडक पिवळी रंगवा. ऊन आणि दव लागणार, तेव्हा वरून वॉर्निशचा एक हात हवाच.

आता खरी डोकेदुखी: शिपाई उभा राहणे. प्लॅस्टिकचा शिपाई हलका असतो, त्याची बैठक अरुंद असते, आणि एक झुळूक आली की अख्खी पलटण आडवी. यावर उपाय लोखंडी वॉशर. बैठकीपेक्षा चांगला रुंद वॉशर घ्यायचा आणि एपॉक्सीने खाली चिकटवायचा. वजन खाली येतं, शिपाई डुलत नाही. प्लॅस्टिक मऊ असेल तर बैठकीचा तळ सँडपेपरने खरवडून घ्या, नाहीतर वॉशर हातात आणि शिपाई गवतात. मोकळ्या मातीसाठी काही जण बैठकीतून बारीक खिळा आरपार घालतात आणि शिपाई रोवतात. ते पक्कं बसतं, पण लहान मुलं खेळणार असतील तर टोकदार काही नको. चार-पाच शिपाई एका फळीवर चिकटवायचा मोहही टाळा. जमीन खालीवर असते, फळी एका कोपऱ्यावर टेकते आणि सगळी रांग तिरकी दिसते.

मैदान दोघांना दहा फूट बाय आठ फूट पुरतं. कडा सुतळीने आखा. मधे तुमचे स्वतःचे पाय टेकायला दोन-तीन जागा मोकळ्या सोडा, तिथे कुणी शिपाई ठेवायचा नाही. मग दोघांनी मिळून मैदानात एक फेरी मारायची आणि प्रत्येक गोष्ट काय मानायची ते बोलून घ्यायचं. फुलांचा वाफा म्हणजे जंगल, त्यात चाल निम्मी. फरशीची वाट म्हणजे रस्ता, त्यावर चाल दीडपट. विटांची कड म्हणजे भिंत, ओलांडायला एक पूर्ण फेरी. झाडाची मुळं, पाइप, नुकतं पाणी घातलेला चिखल, सगळं आधीच ठरवा. हे आधी ठरवलं नाही तर नेमक्या मोक्याच्या क्षणी "ही टेकडी आहे की नाही" यावर भांडण होणार आणि रडीचा डाव सुरू.

चालींची मापं मी जुनीच ठेवली आहेत. इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकात या खेळाचे नियम छापले. त्यांत पायदळ एका चालीत एक फूट आणि घोडदळ दोन फूट. बाहेर ही मापं चपखल बसतात. तोफेचा त्यांचा नियमही मी सोडत नाही: तोफेपासून सहा इंचांच्या आत किमान चार माणसं असतील तरच ती डागता किंवा हलवता येते, आणि एका फेरीत दोन्हीपैकी एकच. माणसं चारांहून कमी झाली की तोफ मुकी. मोजायला फुटाफुटावर खूण केलेली काठी वापरा. टेप गवतात अडकतो आणि सुतळी ताणली की लांबते, हे समोरच्याला लगेच कळतं.

मारामारीचे दोन रस्ते आहेत. वेल्सच्या खेळात स्प्रिंगच्या तोफेतून लाकडी गोळी खरोखर सुटायची आणि जो पडेल तो मेला. मजा येते, पण डोळ्यांना चष्मा हवा, आणि कुणीही जमिनीशी वाकलेलं असताना तोफेला हात लावायचा नाही. गोळ्या नारिंगी रंगवा, नाहीतर डावागणिक कमी होतील. दुसरा रस्ता फाशांचा. दोन फुटांच्या आतल्या शत्रूवर दर तीन शिपायांमागे एक फासा. चार, पाच किंवा सहा पडले की समोरचा एक गडी बाद. शत्रू आडोशाला असेल तर फक्त सहावर. फासे डब्याच्या झाकणात टाकायचे. गवतात फासा तिरका टेकतो आणि दोघांनाही आपापल्या सोयीचा आकडा दिसतो.

"त्याला मी दिसतोय का?" हा प्रश्न डावात सारखा येणार. उत्तर शिपायाच्या डोळ्यांच्या उंचीवरून द्यायचं असतं. पोरं पालथी पडून बघतात. माझे गुडघे तसे राहिलेले नाहीत, म्हणून मी लहान हातआरसा ठेवते. आरसा शिपायाच्या मागे जमिनीवर टेकवायचा, पंचेचाळीस अंशांत वर कलता करायचा आणि वरून त्यात बघायचं. वरून जी मोकळी हिरवळ वाटते तिच्यात आरशात भलतेच उंचवटे निघतात. गवताच्या एका झुबक्यामागे अख्खी तुकडी लपते, आणि पलीकडून येणाऱ्या घोडेस्वाराची फक्त टोपी दिसते. टोपी दिसली तर शिपाई दिसला असं आम्ही मानतो. नुसतं भाल्याचं टोक चालत नाही.

शेवटचा गडी पडेपर्यंत खेळू नका, अर्ध्या तासात कंटाळा येतो. काहीतरी जिंकायला ठेवा: पूल, कुंडीचा किल्ला, वाट ओलांडून पलीकडे न्यायची रसद. आठ फेऱ्या, प्रत्येक फेरीला पाच मिनिटं, मोबाइलचा टायमर लावून. वेळ संपली की न हललेले शिपाई जागेवरच. अगदी लहान मूल असेल तर त्याला लिंबू-टिंबू करून फासे टाकायचं काम द्या.

सकाळी दव वाळल्यावर सुरू करा. भर दुपारी मऊ प्लॅस्टिकच्या बंदुका वाकतात आणि धातूचे शिपाई हातात धरवत नाहीत. वाऱ्याने पडलेला शिपाई परत उभा करायचा, माणसाचा पाय लागून पडलेलाही. मांजराने पाडलेला मेला. हा नियम न्याय्य नाही, पण मांजराशी वाद घालणार कोण?

जुने धातूचे शिपाई असतील तर त्यांत शिसं असू शकतं. ते लहान मुलांच्या हाती देऊ नका, खेळून झाल्यावर हात धुवा, आणि मातीत एकही राहू देऊ नका.

आवरताना डब्याच्या झाकणाच्या आत लिहिलेल्या आकड्याशी मोजणी जुळवा. मेलेले गडी डावातच काढून डब्यात टाकत गेलात तर शेवटी शोधाशोध कमी होते. तरी एखादा सापडत नाहीच. अशा वेळी सुतळीला जाडसर लोहचुंबक बांधून गवतावरून हळूहळू ओढा, वॉशर असेल तिथे तो टक् करून चिकटतो. गवत कापायचं यंत्र फिरण्याआधी हे करा. पात्यात सापडलेला वॉशर गोळीसारखा उडतो.