एकच स्पीकरजोडी, गाण्यालाही आणि सिनेमालाही

गाण्यासाठी स्टिरीओ अ‍ॅम्प आणि सिनेमासाठी होम थिएटर रिसीव्हर अशी दोन यंत्रं घरात असली, तरी पुढच्या स्पीकरांच्या दोन जोड्या लागत नाहीत. इंदूरच्या फ्लॅटमध्ये बैठकीच्या खोलीत तेवढी जागाही नसते. दोन जोड्यांचे पैसे एकाच चांगल्या जोडीत घाला.

मात्र दोन्ही अ‍ॅम्पच्या वायरी स्पीकरच्या एकाच टर्मिनलवर कधीही जोडू नका, एक अ‍ॅम्प बंद असला तरीही नाही. चालू अ‍ॅम्पचा करंट दुसऱ्याच्या आउटपुटमध्ये शिरतो. अ‍ॅम्पचं प्रोटेक्शन (बिघाड होताच आउटपुट तोडणारी सोय) लागलं तर नुसता आवाज बंद पडेल, नाहीतर आउटपुट ट्रान्झिस्टर जळतील.

सगळ्यात चांगला मार्ग प्री-आउटचा, म्हणजे स्पीकरसाठी ताकद वाढवण्याआधीचा सिग्नल बाहेर देणाऱ्या सॉकेटचा. रिसीव्हरच्या मागे डाव्या-उजव्या फ्रंट प्री-आउटची आरसीए सॉकेट आहेत का ते पाहा. स्वस्त मॉडेलवर बहुधा फक्त सबवूफरचंच असतं. फ्रंटची असतील तर तिथून आरसीए केबल स्टिरीओ अ‍ॅम्पला न्या आणि स्पीकर कायमचे स्टिरीओ अ‍ॅम्पलाच जोडलेले ठेवा. सेंटर, सराउंड आणि सबवूफर रिसीव्हरवरच राहतील. गाणं ऐकताना रिसीव्हर चालू करायचीही गरज नाही.

अ‍ॅम्पवर 'एचटी बायपास' (होम थिएटरसाठीचं खास इनपुट) असेल तर केबल तिथे लावा. या इनपुटवर अ‍ॅम्पचा व्हॉल्यूम कामच करत नाही, म्हणून तिथे चुकूनही सीडी प्लेअर लावू नका. पूर्ण ताकदीचा आवाज एकदम स्पीकरवर येतो. बायपास नसेल तर ऑक्स हे साधं इनपुट वापरा, व्हॉल्यूमची एक जागा, समजा बाराचा काटा, ठरवून तिथे खूण करा. टोन सपाट, लाउडनेस बंद. मग रिसीव्हरचा माइक बसायच्या जागी, कानाच्या उंचीवर ठेवून ऑटो सेटअप (स्पीकरांचे आवाज आपोआप जुळवणारी सोय) चालवा. फ्रंटची लेव्हल अगदी टोकाला, म्हणजे १२ डेसिबलच्या आसपास गेली, तर खूण सरकवा आणि सेटअप पुन्हा चालवा. नंतर सिनेमा लावताना आधी खुणेवर व्हॉल्यूम, मग रिसीव्हरचं बटण. हे विसरलं की फ्रंटचा आवाज बाकीच्या स्पीकरांशी जुळत नाही.

प्री-आउट नसेल तर स्पीकर एका वेळी एकाच अ‍ॅम्पला जोडणारा सिलेक्टर स्विच. इंदूरच्या महाराणी रोडच्या बाजारात नुसता 'स्पीकर सिलेक्टर' मागितला तर एका अ‍ॅम्पवर दोन जोड्या चालवणारा डबा हातात पडू शकतो. तो उलटा लावला आणि ए-बी दोन्ही बटणं दाबली गेली, की दोन्ही अ‍ॅम्प एकमेकांना जोडले जातात. 'दोन अ‍ॅम्प, एक जोडी' असं स्पष्ट सांगा. स्विच लाल-काळ्या दोन्ही तारा तोडणारा, आणि आधी एक अ‍ॅम्प सोडून मगच दुसरा धरणारा हवा. पुष्कळ अ‍ॅम्पमध्ये काळी तार ग्राउंड नसते, म्हणून दोन्ही अ‍ॅम्पच्या काळ्या तारा आतून एकत्र जोडलेला, सामाईक ग्राउंडचा डबा नकोच. स्विच फिरवण्याआधी दोन्ही व्हॉल्यूम शून्यावर आणा. व्हॉल्व्ह (काचेच्या ट्यूबचा) अ‍ॅम्प स्पीकरशिवाय चालवू नये, ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो. तो बंद करूनच स्विच फिरवा.

जोडल्यावर घूं आवाज आला तर सेट टॉप बॉक्सला बाहेरून येणारी केबल काढून पाहा. थांबला तर दोष ग्राउंड लूपचा, म्हणजे यंत्रं एकाहून जास्त वाटांनी ग्राउंडला जोडली गेल्याचा. त्या केबलवर ही वाट तोडणारा आयसोलेटर लावा आणि दोन्ही यंत्रं एकाच बोर्डवर घ्या.

शेवटी इंदूर घराण्याच्या उस्ताद अमीर खाँचा अतिविलंबित झूमरा तालातला ख्याल लावा. गळा दोन स्पीकरांच्या बरोबर मधून यायला हवा. तो पसरट, जागा सापडत नाही असा वाटला आणि तबल्याचा डग्गा पातळ झाला, तर एका स्पीकरची लाल-काळी तार उलटी लागली आहे.