इस्त्रीचं कव्हर सरफेसमध्ये कसं काढावं

घरातली इलेक्ट्रिक इस्त्री घ्या आणि तिच्या वरच्या प्लास्टिकवरून बोट फिरवा. पुढे निमुळतं, कडेला वळलेलं, सपाट असं कुठेच नाही. कॉम्प्युटरवर थ्रीडी मॉडेल करताना हा आकार एक्स्ट्रूड (रेखाटन सरळ ओढून घन करणं) आणि कट करून निघत नाही. ओढूनताणून काढलाच तर साबणाच्या वडीसारखा दिसतो. इथे सरफेस लागतो. आधी जाडी नसलेली बाहेरची कातडी करायची, जाडी शेवटी द्यायची. खाली सॉलिडवर्क्स या थ्रीडी डिझाइन सॉफ्टवेअरमधली नावं वापरली आहेत. इतर सॉफ्टवेअरमध्ये नावं बदलतात, क्रम साधारण हाच.

आधी रेषा

इस्त्री डावी-उजवीकडे सारखी असते, म्हणून अर्धीच काढा. बाजूचा आणि वरचा फोटो स्केच पिक्चर (स्केचमागे ठेवलेलं चित्र) म्हणून आणा आणि खऱ्या लांबीला, समजा २४० मिमीला, बसवा. मधल्या प्लेनवर पाठीची रेषा काढा. वरून दिसणारी तळाची आउटलाइन वेगळ्या स्केचमध्ये ठेवा, ती पुढे कापायला लागेल.

पाठीच्या रेषेला स्टाइल स्प्लाइन (कंट्रोल बिंदूंनी वळवायची वक्र रेषा) घ्या आणि चार-पाच कंट्रोल बिंदूंत भागवा. ही बेझिए पद्धतीची रेषा आहे. रेनॉमध्ये काम करणाऱ्या पिएर बेझिए यांनी १९६० च्या दशकात गाड्यांच्या बॉडीसाठी ती रुळवली, तेव्हा आपली इस्त्री काही तिला जड नाही. नवशिके फोटोवर बारा-पंधरा बिंदू टोचत जातात. फोटोशी रेषा तंतोतंत जुळते आणि सरफेस मात्र खडबडीत येतो. कर्व्हेचर कॉम्ब (वक्रता दाखवणारा कंगवा) चालू केला की चूक लगेच दिसते. रेषेवर कंगव्यासारखे दात उभे राहतात. ते हळूहळू वाढायला-घटायला हवेत. मध्येच उंच-ठेंगणे झाले, तर तिथला एखादा बिंदू काढून टाका. नवा घालू नका.

आता पाठीच्या रेषेला आडवे तीन-चार छेद काढा. प्रत्येक छेदाचं वरचं टोक पाठीच्या रेषेला पिअर्स करून (ती रेषा छेदाच्या प्लेनला जिथे भेदते तिथेच) बांधा आणि तिथली स्पर्शरेषा मधल्या प्लेनला काटकोनात ठेवा. एवढं पाळलं की आरशातला अर्धा भाग जोडल्यावर मधोमध शिवण दिसत नाही. सगळ्या छेदांत बिंदूंची संख्या सारखी ठेवा. खालची टोकं आउटलाइनच्या १०-१५ मिमी बाहेर जाऊ द्या आणि एका स्प्लाइनने जोडा, ही बाहेरची कड.

नाकाची गोष्ट

पुढचं टोक निमुळतं, म्हणून सगळ्या रेषा नाकाच्या टोकाशी एका बिंदूत आणाव्यात, असा मोह होतो. मीही पहिल्यांदा तेच केलं. स्क्रीनवर छान दिसलं. मग भोसरीतल्या, साचे बनवणाऱ्या एका टूलरूममधून फोन आला: “साहेब, पॉलिश केलं की नाकावर सुरकुती दिसते. आमची नाही ती, तुमच्या फाइलमधलीच आहे.” खरंच होतं. चार बाजूंच्या सरफेसची एक बाजू शून्य लांबीची केली की सरफेस ज्या जाळीवर बेतलेला असतो तिच्या सगळ्या रेषा त्या टोकाला गोळा होतात. तिथे चुणी पडते आणि पुढे जाडी द्यायला गेलं की थिकन (जाडी देणारी कमांड) तिथेच अडतं.

उपाय शिंप्याचा आहे. कापड मापाबरहुकूम आणत नाहीत, जास्तीचं घेतात आणि मग कापतात. पाठीची रेषा नाकाच्या पुढे २० मिमी न्या आणि शेवटचा छेद तिथे काढा. आता सरफेसला चार खऱ्या बाजू मिळाल्या. टोक पुढे ट्रिममध्ये (जादा भाग कापताना) निघेल.

सरफेस, भिंत, ट्रिम

बाउंडरी सरफेस (कडेच्या रेषांमध्ये सरफेस ताणणारी कमांड) उघडा. एका दिशेला पाठीची रेषा आणि बाहेरची कड, दुसऱ्या दिशेला छेद. पाठीच्या रेषेला ‘नॉर्मल टू प्रोफाइल’ (मधल्या प्लेनला काटकोनात) निवडा. मग तळाची आउटलाइन वर एक्स्ट्रूड करून बाजूची भिंत काढा आणि तिला आतल्या बाजूला २ अंश ड्राफ्ट (साच्यातून भाग सुटावा म्हणून दिलेला उतार) द्या. ड्राफ्ट आत्ताच द्यायचा. नंतर या वळणांवर तो चढवणं म्हणजे डोकेदुखी. भिंतीवर टेक्स्चर येणार असेल तर ३ अंश किंवा जास्तही लागतो, ते साचा करणाऱ्याला आधीच विचारा.

म्युच्युअल ट्रिमने दोन्ही एकमेकांत कापा, मिरर करा, निट करा (शिवून एक सरफेस करा). वरच्या कडेला ६ मिमी फिलेट (गोलाई) द्या आणि त्यात कर्व्हेचर कंटिन्युअस (वक्रता न तुटणारी) निवडा.

जाडी देण्याआधी

झेब्रा स्ट्राइप्स (सरफेसवर प्रतिबिंबासारखे दिसणारे काळे-पांढरे पट्टे) लावा आणि मॉडेल फिरवत राहा. जोडावर पट्टे तुटले तर सरफेस नुसते टेकले आहेत, स्पर्शही जुळलेला नाही. पट्टे जुळून कोपरा करत असतील तर स्पर्श जुळला, वक्रता नाही. पट्टे जोडावरून अलगद वळत पार झाले की काम झालं. ट्यूबलाइटखाली इस्त्री धरली की गिऱ्हाइकाला हेच दिसतं, त्याला फक्त त्याचं नाव माहीत नसतं.

मग थिकन, आतल्या बाजूला २.५ मिमी. एरर आली तर मिनिमम रेडियस तपासा. बाहेरची गोलाई २ मिमी आणि जाडी २.५ मिमी असेल तर आतल्या सरफेसला वळायला जागाच उरत नाही. आपल्या ६ मिमीच्या फिलेटला आत साधारण ३.५ मिमी मिळतात, म्हणून तिथे अडत नाही. थिकन झालं की बॉस (स्क्रू बसवायचे उंचवटे), रिब (आधाराच्या पट्ट्या), स्क्रूची भोकं नेहमीच्या सॉलिड कमांडनी घ्या.