लंडन पद्धत आजच्या रीतीने कशी खेळावी

पांढऱ्याने वजिरासमोरचे प्यादे डी४ वर (डी ही उभी रांग, ४ ही आडवी) न्यावे, उंट एफ४ वर काढावा, मग प्यादी ई३ आणि सी३ वर आणि दुसरा उंट डी३ वर, आणि काळा काहीही खेळो, पहिल्या सात-आठ चाली डोळे मिटून कराव्यात, असा सल्ला लंडन पद्धत या बुद्धिबळातील सुरुवातीबद्दल आजही सर्रास दिला जातो. तो पाळणाऱ्याला बरा प्रतिस्पर्धी भेटला की दहाव्या चालीच्या आतच कळते, की डोळे उघडे ठेवायला हवे होते.

दुसऱ्याच चालीला उंट एफ४ वर काढावा. जी१ वरचा घोडा थांबू द्यावा. पूर्वी बहुतेक जण घोडा आधी काढत. तो घरी राहिला आणि ई३ झाले की वजिराची एच५ पर्यंतची तिरकी वाट मोकळी राहते, त्यामुळे काळ्याला आपला घोडा एच५ वर आणून उंटाच्या मागे लागता येत नाही. आला तर वजीर तो फुकट मारतो.

आता अवघड टप्पा. काळा डी५, घोडा एफ६ आणि तिसऱ्या चालीला सी५ खेळतो. इथे हात आपोआप सी३ कडे जातो आणि तिथेच तो आवरावा. मी कित्येक वर्षे चौथ्या चालीला सी३ खेळत असे. पुढे काळ्याचा घोडा सी६ वर, माझा एफ३ वर, काळ्याचा वजीर बी६ वर, माझा वजीर बी३ वर, मग काळ्याचे प्यादे सी४ वर आणि माझा वजीर सी२ वर मागे. यानंतर काळ्याने उंट एफ५ वर ठेवला, तेव्हा प्रतिस्पर्ध्याची नजरचूक झाली असे समजून मी तो वजिराने मारला. त्याच्या वजिराने बी२ वरचे प्यादे घेतले आणि ए१ वरच्या हत्तीला वाचवण्याचा कोणताही मार्ग उरला नाही. उंट न मारता वजीर सी१ वर नेणे हाच खरा उपाय आहे, पण तो वजीर तिथे कोंडल्यासारखा बसतो आणि वजिराच्या बाजूला काळा ऐसपैस पसरतो. सापळा पाठ करून हे दुखणे बरे होत नाही. सी३ ची घाईच सोडावी लागते.

म्हणून चौथ्या चालीला घोडा एफ३ वर आणि पाचव्या चालीला दुसरा घोडा डी२ वर आणावा. मधल्या चालीत काळ्याचा घोडा सी६ वर येतो. पुढे त्याचा वजीर बी६ वर आला तर घाबरून बी२ राखत बसू नये, सरळ डी४ वरच्या प्याद्याने सी५ मारावे. काळ्याच्या वजिराने बी२ घेतले की हत्ती बी१ वर, तो वजीर सी३ वर पळाला की उंट बी५ वर. प्याद्यांचा हिशेब बरोबरीचा आहे, पण काळ्याचा राजा अजून मध्यात आहे, सी६ वरचा घोडा बांधला गेला आहे (तो हलला तर राजाला शह बसतो) आणि हत्ती बी३ वर येऊन वजिराला पुन्हा हुसकावणार आहे. अशी स्थिती मी पांढऱ्याकडून केव्हाही घेईन.

वजीर बी६ वर न आणता काळ्याने पाचव्या चालीला सी५ च्या प्याद्याने डी४ मारले, तर ई३ च्या प्याद्याने परत मारावे आणि आता मात्र सी३ खुशाल खेळावे, कारण सी४ वर येऊन वजिराला ढकलणारे ते प्यादे पटावर राहिलेले नाही. एप्रिल २०२३ मध्ये अस्ताना येथे जगज्जेतेपदाच्या लढतीतील सहाव्या डावात डिंग लिरेनने यान नेपोमनियाच्चीविरुद्ध हीच मांडणी केली. घोडा त्याने दुसऱ्याच चालीला काढला होता, पण पाचव्या चालीअखेर स्थिती तीच झाली. काळ्याचा उंट एफ५ वर आला, पांढऱ्याने सी३ केले, काळ्याने ई६, आणि आठव्या चालीला डिंगचा उंट डी३ वर न जाता बी५ वर गेला. तो डाव त्याने जिंकला. उंटाची जागा डी३ च, असे छातीठोकपणे सांगणाऱ्याला हा डाव दाखवावा.

काळ्याने ई६ करून उंट डी६ वर आणला, तर आपला उंट जी३ वर घ्यावा. त्याने तिथे मारामारी केली तर एच प्याद्याने मारून हत्तीसाठी ओळ उघडावी.

काळ्याने पहिल्या चालीला घोडा एफ६ वर आणला आणि दुसऱ्या चालीला जी६ आले, तर सी३ वर प्यादे नको, घोडा हवा. काळ्याने मग डी६ केले तर ई४ खेळून मध्य व्यापावा. डी५ केले तर ई३ करावे, आणि सी३ वरच्या घोड्याची नजर बी५ वरून सी७ कडे ठेवावी. जॉर्जियाचा ग्रँडमास्टर बादूर जोबावा याच्या नावाने ओळखली जाणारी ही मांडणी अलीकडे क्लबपातळीवरही बरीच दिसते.

सरावासाठी उंट बी५ वर आल्यानंतरच्या या दोन्ही स्थिती पटावर मांडाव्यात आणि प्रत्येक स्थिती आधी काळ्याकडून, मग पांढऱ्याकडून, कोणाशी तरी घड्याळ लावून खेळावी.