साबुदाण्याची खिचडी: नियम कुठे, आवड कुठे

साबुदाणा धुवा, जेमतेम बुडेल इतकंच पाणी ठेवून रात्रभर झाका. सकाळी दाणा चिमटीत सहज चिरडला पाहिजे. मधे कणी लागली तर पाण्याचा हबका मारून थांबा. इथे मतभेद चालत नाहीत. दाण्याचं कूट साबुदाण्यालाच चोळा, जास्तीचा ओलावा ते शोषतं. मग तूप, मिरची, बटाटा, मंद आच.

बाकी सगळी आवड. साखर घाला, नका घालू. सासूबाईंना उपासाला कोथिंबीर चालत नाही, माझ्या आईला जिरंही चालत नसे. आणि गंमत बघा, साबुदाण्याचा कंद, शेंगदाणा, बटाटा, मिरची, सगळेच अमेरिका खंडातून आलेले पाहुणे!

मोकळी हवी तर झाकण ठेवू नका. मऊ हवी तर दुधाचा हबका मारून दोन मिनिटं झाका.