लांबच्या डोंगराला पेन लावू नका

पेन आणि रंगीत पेन्सिलींनी काढलेल्या काल्पनिक निसर्गचित्रात नवखा माणूस हमखास फसतो तो क्षितिजाजवळच्या डोंगरापाशी. पेन हातात आलं की तोही काळ्या रेघेत बांधून टाकावासा वाटतो. बांधलात की चित्राची खोली गेली. शाई हा कागदावरचा सर्वांत गडद रंग, त्यामुळे नजर आधी तिथेच धावते आणि दहा कोसांवरचा डोंगर समोरच्या झुडपाशेजारी येऊन बसतो. मग वरून निळी पेन्सिल कितीही घासा, तो मागे सरकत नाही. पांढरी फिरवली तर रेघ फक्त राखाडी होते. हे दात-ओठ खाऊन लिहितोय.

म्हणून लांबच्या रांगेला पेन नाहीच, फक्त टोकदार निळसर करडी पेन्सिल. मधल्या टेकड्यांना बारीक, तुटक रेघ. जाड पेन पुढच्या खडकांना आणि झाडांनाच. पेनावरचा आकडा म्हणजे मिलिमीटर असं धरू नका: पिग्मा मायक्रॉन या बारीक टोकाच्या चित्रपेनांमध्ये ०१ची रेघ ०.२५ मिमी असते, ०८ची ०.५०.

आधी पेन, मग रंग. उलट केलंत तर पेन्सिलीतलं मेण निबवर चढतं आणि शाई अडते. शाई वाळल्याशिवाय खोडरबर लावू नका.

रंग हलक्या हाताने, तीन-चार थरांत. पहिल्याच थराला जोर दिला की कागदाचा खरखरीतपणा दबतो आणि पुढचा रंग नुसता घसरतो. ब्लेंडर पेन्सिल, म्हणजे रंग एकजीव करणारी बिनरंगी पेन्सिल, लवकर फिरवली तरी हेच होतं. १२० रंगांचा डबा घ्यायला लावणाऱ्या गुरूपासून लांब राहा, २४ पुरतात. डब्यातला हिरवा एकटा प्लास्टिकसारखा दिसतो. खाली गेरूसारखा तपकिरी द्या, सावलीत काळ्याऐवजी गडद निळा किंवा जांभळा.

डोंगर मनातला असला तरी त्याला हाडं लागतात. सह्याद्रीत लाव्हाचे थर आडवे आहेत, म्हणून वर सपाट माथा, खाली उभा कडा, त्याखाली झाडोऱ्याचा उतार, पुन्हा कडा. ही पायरी जमली की सुळका हवा तसा वाकवा. उजेड कुठून येतो त्याचा बाण मात्र आधीच कोपऱ्यात काढून ठेवा.

आणि लांबच्या डोंगराला पेन लागलंच असेल, तर कागद फाडू नका. त्यालाच मधला डोंगर ठरवा, मागे रेघेशिवाय आणखी एक फिकट रांग काढा. त्यासाठी तिथला कागद कोरा हवा, म्हणून आकाश शेवटी रंगवा.