हलाल मांस: या चुका टाळा

हलाल मांसाचा विषय निघाला की जनावराचे तोंड कोणत्या दिशेला होते याची चौकशी आधी होते आणि गळा नीट कापला गेला की नाही, हे विचारायचे राहून जाते. ज्यांच्यावाचून मांस हलाल ठरतच नाही अशा शर्ती आणि ज्या पाळणे उत्तम मानले जाते अशा सुन्नती यांची सरमिसळ, हे बहुतेक चुकांचे मूळ आहे. किब्ल्याकडे, म्हणजे मक्केतील काबाच्या दिशेला, तोंड करणे ही सुन्नत असून ते राहिले म्हणून मांस हराम होत नाही. उलट जबह करतेवेळी, म्हणजे गळा कापताना, जनावर जिवंतच नसेल, तर पुढचे सारे बिनचूक करूनही ते मुर्दारच (आपोआप मेलेले, खाण्यास निषिद्ध) राहते. कुराणातील सूरह माइदाच्या तिसऱ्या आयतीत गुदमरून, मार लागून, उंचावरून पडून वा शिंग लागून मेलेले जनावर निषिद्ध ठरवले आहे. तेव्हा टेम्पोतल्या पिंजऱ्यात दगावलेली कोंबडी दुकानात आणून तिच्या गळ्यावर सुरी फिरवल्याने काहीही साधत नाही. जखमी असली तरी जिवंत असलेली कोंबडी मात्र वेळेत जबह केल्यास चालते.

श्वासनलिका, अन्ननलिका आणि मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या या चारांपैकी किमान तीन कापल्या जाव्यात, असे हनफी मत आहे; हनफी आणि शाफई हे सुन्नी मुसलमानांचे दोन धर्मशास्त्रीय पंथ आहेत. शाफई मतानुसार श्वासनलिका व अन्ननलिका पूर्ण कापल्या जाणे आवश्यक असते. कोकणी मुसलमान परंपरेने शाफई, तर देशावरचे बहुतांश हनफी, त्यामुळे चारही कापल्या की कोणाचीच शंका उरत नाही. सुरी जोरात फिरून मुंडके वेगळे झाले, तर ती कृती मकरूह (नापसंत) ठरते, पण मांस टाकून देण्याचे कारण नाही. सुरीला धार हवीच. ती जनावरासमोर लावत बसणे मात्र नापसंत आहे.

बिस्मिल्लाह ('अल्लाहच्या नावाने') म्हणायचे विसरले तर मांस चालते, जाणूनबुजून टाळले तर हनफी मतानुसार ते हराम होते. शाफई मतात ही सुन्नत आहे. ध्वनिमुद्रित बिस्मिल्लाह लावून ठेवल्याने कापणाऱ्याची जबाबदारी संपते, असे समजू नये. बाईने कापलेले चालत नाही हा समजही निराधार आहे; एका दासीने दगडाच्या धारेने कापलेली बकरी पैगंबरांनी खाण्यास परवानगी दिल्याची हदीस सहीह बुखारी या हदीससंग्रहात आहे.

आपल्याकडचा खास प्रश्न जत्रेतल्या बोकडाचा. गावगाड्यात बोकड कापण्याचे काम मुलाण्याकडे, म्हणजे ते परंपरेने करणाऱ्या मुसलमानाकडे, असे, म्हणून त्याच्या हातचा बोकड आपोआप हलाल, असे पुष्कळ जण धरून चालतात. परंतु बोकड देवाला अर्पण म्हणून कापला जात असेल, तर तोंडाने अल्लाहचे नाव घेतले तरी ते मांस निषिद्ध, असे अनेक उलेमा (धर्मपंडित) मानतात. मुसलमान पाहुण्याला असे मटण वाढण्यापूर्वी यजमानाने ते कोठले आहे हे सांगावे.

सर्वांत जास्त निष्काळजीपणा कोंबडीच्या दुकानात होतो. गळा कापताच पक्षी पिंपात टाकून लगेच उकळत्या पाण्यात बुडवला जातो. तो अजून जिवंत असेल, तर मृत्यू सुरीने आला की पाण्याने, हा प्रश्न उभा राहतो. पक्षी पूर्ण शांत होईपर्यंत थांबावे, आणि आतडी न काढलेला पक्षी उकळत्या पाण्यात फार वेळ ठेवू नये, कारण आतली घाण मांसात मुरल्यास ते नापाक होते, असे फिक्हच्या, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्राच्या, ग्रंथांत म्हटले आहे. पिसे सैल करण्यापुरते गरम पाण्यात बुडवण्यास हरकत नाही. घरी मांस धुताना उतरणारे लालसर पाणी पाहून घाबरू नये. निषिद्ध आहे ते वाहते रक्त. खानावळीत मात्र झटक्याच्या किंवा डुकराच्या मांसाला लागलेली सुरी, पाट आणि तळणीचे तेल वेगळे ठेवले नाही, तर दुकानातून हलाल मांस आणूनही पाहुण्याला ते खाता येत नाही.