अवतार झकास, तरी कुणी बोलेना? या चुका टाळा

आभासी जगात नवखा माणूस पहिली संध्याकाळ अवतार, म्हणजे तिथलं आपलं डिजिटल रूप, सजवण्यात घालवतो. मग गर्दीत उतरतो, कुणी ढुंकूनही बघत नाही, की पुन्हा केस बदलायला पळतो! दोष सहसा केसांत नसतो. समोर खरंच कुणीतरी आहे, ही जाणीव चेहऱ्यापेक्षा हालचालीतून आणि वेळेवर मिळणाऱ्या प्रतिसादातून येते.

फार हुबेहूब चेहरा तर उलट अंगावर येतो. क्रिस्टीन नोवाक आणि फ्रँक बियोका या संशोधकांच्या २००३ च्या प्रयोगात अगदी माणसासारख्या चित्रापेक्षा कमी माणसासारख्या चित्रासमोर लोकांना सोबतीची जाणीव जास्त झाली. चेहरा खरा दिसला की पापण्या, नजर, सगळंच खरं हवंसं वाटतं आणि साध्या हेडसेटला ते झेपत नाही. कार्टूनी अवतार घ्या. बोलताना ओठ हलतात ना, तेवढं बघा.

सगळ्यात फसवी अडचण व्हीआरचॅटमधली, म्हणजे अवतार घेऊन गप्पा मारायच्या अ‍ॅपमधली. तिथल्या आरशात तुम्ही देखणे दिसता, पण समोरच्याला तो अवतार दिसतच नसतो. मेटा कंपनीच्या क्वेस्ट हेडसेटसाठी अवताराची वेगळी अँड्रॉइड आवृत्ती अपलोड करावी लागते, तीही १० एमबीच्या आत. अवतार ज्यांतून घडतो ते छोटे त्रिकोण २० हजारांपलीकडे गेले की दर्जा ‘व्हेरी पूअर’, आणि क्वेस्टवाल्यांना तुमच्या जागी बदली बाहुला दिसतो. त्रिकोण कमी करा, टेक्स्चर (अवतारावर चढवलेली रंगरूपाची चित्रं) लहान करा, बदली अवतारही स्वतःच निवडून ठेवा. मग क्वेस्टवाल्या मित्रालाच विचारा, ‘मी कसा दिसतोय?’ आरशावर विसंबू नका.

सेटिंगमध्ये उंची चुकीची भरली की हात आखूड होतात आणि नजर लोकांच्या छातीवर जाते. खरी उंची भरा, सुटला प्रश्न.

सेकंड लाइफ या आभासी जगात साधं लेखी चॅट २० मीटरपर्यंतच पोचतं. लांबून ‘हाय’ टाकून उत्तराची वाट बघू नका. जवळ जा, पण अंगचटीला नको. निक यी, जेरेमी बेलेन्सन आणि सहकारी संशोधकांनी २००७ मध्ये दाखवलं, की अंतराचे आणि नजरेचे प्रत्यक्षातले संकेत तिथले अवतारही पाळतात. मेटाला तर फेब्रुवारी २०२२ मध्ये होरायझन वर्ल्ड्स या आपल्या आभासी जगातल्या अवतारांत सुमारे ४ फुटांचं अंतर सक्तीने राखावं लागलं.

आणि हेडसेट कपाळावर सरकवून चहा आणायला जाऊ नका. तुमचा अवतार छताकडे टक लावून उभा राहतो, वर कुकरच्या शिट्ट्या सगळ्यांना ऐकू जातात. ‘आलोच’ म्हणा, माइक म्यूट करा, घोळक्यातून बाजूला व्हा, मग उठा.